तृष्णा आणि दोष

दुखणे कोणी मागून घेत नाही. दुखण्यावरचे औषध मात्र मागावे लागते. आणि मागणारा माणूस, मग तो घरातला वडीलधारा असो वा इस्पितळाच्या बाकावर बसलेला परका असो, मागता क्षणीच एका अदृश्य न्यायासनापुढे उभा राहतो. मणक्याच्या दुखण्याने दहा वर्षे गांजलेला एक गृहस्थ कल्पावा. अफूच्या जातीची गोळी त्याला डॉक्टरांनीच लिहून दिली आहे. दोन गोळ्यांत आठ तासांचे अंतर असावे असा दंडक आहे. सहाव्या तासाला तो गोळी मागतो. सून म्हणते, "बाबा, अजून दोन तास आहेत." मुलगा काहीच बोलत नाही. पण त्या घटकेला तिघांच्याही मनात, म्हाताऱ्याच्या स्वतःच्या मनातसुद्धा, एकच प्रश्न असतो: हे दुखणे बोलते आहे की चटक बोलते आहे?

प्रश्न वैद्यकाचा वाटतो. परंतु त्याचे मूळ नीतीत आहे. दुखणे बोलत असेल तर आपण दया दाखवतो, चटक बोलत असेल तर दोष देतो. वकिलीच्या व्यवसायात दोन पक्षांत वाटणी करून पाहण्याची सवय जडते, आणि ती सवय पुष्कळ ठिकाणी उपयोगी पडते. येथे मात्र ती वाट चुकवते, असे माझे मत आहे. मागणाऱ्याच्या तोंडून बहुधा एक तिसरेच काही बोलत असते. त्याची साक्ष आपण घेतलेली नसते, म्हणून आपला निवाडा चुकतो.

आधी शब्दांचा विचार करू. या ओढीसाठी आपल्या भाषेत शब्दांचा तोटा नाही. तलफ चहाचीही येते, तंबाखूचीही येते. तिला कोणी पाप म्हणत नाही. चटक म्हटले की थोडा उपहास येतो. व्यसन म्हटले की निवाडा झालाच. पण 'व्यसन' या शब्दाचा जुना अर्थ पाहण्यासारखा आहे. संस्कृतात व्यसन म्हणजे संकट. कौटिल्याच्या अर्थशास्त्राचे आठवे अधिकरण व्यसनांविषयीचे आहे. तेथे राज्यावर कोसळणारे अग्नी, पूर, रोगराई व दुष्काळ, आणि राजाला जडणारी मृगया, द्यूत, मद्य इत्यादींची आसक्ती, ही दोन्ही एकाच शब्दाखाली येतात. जे अंगावर येऊन पडते तेही व्यसन, आणि ज्याच्या मागे माणूस जातो तेही व्यसन. आजच्या मराठीने दुसरा अर्थ तेवढा ठेवला आणि पहिला टाकून दिला. त्याबरोबर एक मोठे सत्यही आपल्या हातून निसटले.

कायद्याची भाषाही या बाबतीत फारशी सावध नाही. १९८५ च्या गुंगीकारक औषधी द्रव्ये व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियमात व्यसनी कोण याची व्याख्या आहे. अशा द्रव्यावर जो अवलंबून आहे तो व्यसनी, असा तिचा आशय. पण अवलंबून असणे म्हणजे काय? कर्करोगाच्या ज्या रुग्णाने काही आठवडे नियमाने मॉर्फीन घेतले, त्याचे शरीर त्या औषधाला सरावते. औषध एकाएकी बंद केले तर त्याला घाम सुटतो, जुलाब होतात, अंगावर काटा येतो, झोप उडते. हे शरीराचे वर्तन आहे. पापभीरू माणसाचे शरीरही असेच वागेल. व्याख्या शब्दशः वाचली तर तो रुग्ण व्यसनी ठरतो. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांनी आपल्या निदानग्रंथाच्या २०१३ सालच्या आवृत्तीत ही गफलत दूर केली. डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषध घेणाऱ्याच्या बाबतीत केवळ शरीराचा सराव, किंवा औषध थांबल्यावर होणारा त्रास, ही व्यसनाची लक्षणे धरू नयेत, असे त्यांनी ठरवले. शरीराचे अवलंबन ही एक गोष्ट. मनाची तलफ ही दुसरी. पहिली जवळजवळ सर्वांना होते, दुसरी काहींनाच होते. २०१५ साली या विषयावरील अनेक अभ्यास एकत्र तपासण्यात आले. तेव्हा जुनाट वेदनेसाठी ही औषधे घेणाऱ्यांपैकी सरासरी ८ ते १२ टक्के लोकांत व्यसन आढळले. हा आकडा लहान नाही. पण त्याचा अर्थ असाही आहे की दहांतील जवळपास नऊ माणसे केवळ संशयाची धनी होतात.

मग ज्यांना तलफ येते त्यांना ती का येते? दुखणे जास्त म्हणून मागणी जास्त, हे उत्तर सहज सुचते. त्याला पहिला जोरदार धक्का युद्धभूमीवर बसला. दुसऱ्या महायुद्धात हेन्री बीचर हा अमेरिकन डॉक्टर इटलीच्या आघाडीवर होता. गंभीर जखमी झालेल्या सैनिकांना तो विचारी, "दुखणे थांबवायला काही देऊ का?" १९४६ साली त्याने लिहिले की सुमारे तीन चतुर्थांश सैनिकांनी नको म्हटले. पुढे १९५६ साली त्याने शस्त्रक्रिया झालेल्या नागरिकांशी तुलना केली. त्यांच्या जखमा त्या मानाने किरकोळ होत्या. तरीही त्यांच्यापैकी ८० टक्क्यांहून अधिक लोकांनी औषध मागितले. बीचरचा निष्कर्ष असा की जखमेचा अर्थ निराळा होता. सैनिकाला ती जखम म्हणजे मरणातून सुटका आणि घरची वाट होती. नागरिकाला ती संसारावर आलेली आपत्ती होती. येथे एक बारकावा लक्षात घेण्याजोगा आहे. बीचरने वेदना मोजली नव्हती. मागणी मोजली होती. आणि मागणी जखमेच्या खोलीवर नव्हे, तर जखमेमुळे पुढे काय वाढून ठेवले आहे या जाणिवेवर ठरत होती.

जुनाट दुखण्याचा माणूस या दुसऱ्या प्रकारात मोडतो. त्याच्या दुखण्याला घरची वाट नाही. संशोधकांनी १९९५ साली अशा रुग्णांच्या मनाची घडण मोजण्यासाठी तेरा विधानांची एक प्रश्नावली तयार केली. तिच्यात तीन धागे आढळतात: मन सारखे वेदनेभोवती घुटमळणे, आहे त्याहून वाईट घडेल असे वाटणे, आणि आपल्या हाती काही उरले नाही ही हतबलता. घरात याला आपण "दुखण्याचा बाऊ करणे" म्हणतो. या शब्दात एक आरोप दडलेला आहे, जणू माणूस मुद्दाम सोंग करतो आहे. वस्तुतः ती भीती आहे, आणि दहा वर्षांच्या अनुभवाने शिकवलेली भीती आहे. या विषयावर गेल्या काही दशकांत झालेल्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा असे दिसले आहे की तलफेची तीव्रता वेदनेच्या तीव्रतेशी जितकी जुळते, त्याहून अधिक ती खिन्नता, चिंता आणि या भीतीशी जुळते. त्याहून विलक्षण गोष्ट २००५ सालच्या एका अभ्यासात दिसली. पाठदुखीच्या ज्या रुग्णांत खिन्नता व चिंता अधिक होती, त्यांना मॉर्फीनने इतरांच्या मानाने कमी आराम दिला. म्हणजे ज्याला सर्वांत जास्त हवे असते, त्याच्याच पदरात सर्वांत कमी पडते. मग तो अधिक मागतो यात नवल कसले?

ही तिसरी साक्ष भीतीची आहे. सहाव्या तासाला बोलतो तो आताचा ठणका नसतो, आणि सुखाची लालसाही नसते. सातव्या-आठव्या तासाला जे येणार आहे त्याचे भय बोलत असते. त्यात शरीराची एक कपटी चाल मिसळते. औषधाचा अंमल उतरू लागला की अस्वस्थता वाढते आणि जुने दुखणे नव्याने जागे होते. कित्येकदा तर दीर्घकाळ घेतलेले औषधच शरीराला वेदनेविषयी अधिक हळवे करून सोडते. त्या घटकेला गोळी घेतली की सारे शांत होते. मन एवढेच शिकते: ही गोळी म्हणजे सुटका. मग घड्याळाचा काटा, डबीचा खडखडाट, दिवेलागणीची वेळ, एवढेही ओढ जागवायला पुरते. केंटकीतील लेक्झिंग्टन येथे व्यसनमुक्तीसाठी सरकारी इस्पितळ होते. तेथे अब्राहम वाइकलर या डॉक्टराने १९४० च्या दशकात नोंदवले की कित्येक महिने औषधापासून दूर असलेल्या माणसांना, नुसते त्याविषयी बोलणे निघाले तरी, औषध तुटल्याची लक्षणे जाणवू लागत. १९९३ साली रॉबिन्सन आणि बेरिज या मानसशास्त्रज्ञांनी आणखी एक भेद मांडला. हवेसे वाटणे आणि आवडणे या मेंदूच्या दोन निरनिराळ्या क्रिया आहेत. आवड ओसरली तरी हवेपण वाढत जाऊ शकते. ज्या गोळीत आता काही गोडी उरली नाही, तिच्यासाठीच माणूस कासावीस होतो. त्याला चैनी म्हणणे हे निदान वस्तुस्थितीला धरून नाही.

आपल्या परंपरेला हे अगदीच अपरिचित होते असे नाही. बौद्धांच्या कार्यकारणसाखळीत वेदनेतून तृष्णा उपजते असे सांगितले आहे. तेथे वेदना म्हणजे सुखाची वा दुःखाची कोणतीही जाणीव. संयुत्त निकायात दोन बाणांचा दृष्टांत आहे. अज्ञ माणसाला एक बाण शरीरात लागतो आणि लगेच दुसरा मनात लागतो. ज्ञानी माणसाला पहिलाच तेवढा लागतो. त्या सुत्ताचे पुढचे निरीक्षण अधिक मार्मिक आहे. दुःखाने ग्रासलेला अज्ञ माणूस सुखोपभोगाकडे धावतो, कारण दुःखातून सुटण्याचा दुसरा मार्ग त्याला ठाऊक नसतो. येथे दोषाचा शब्द नाही. मार्ग ठाऊक नसल्याची नोंद आहे. गोळी मागणाऱ्या माणसाचे याहून अचूक वर्णन मला माहीत नाही.

यावर कोणी विचारील: तर मग माणूस आपल्या इच्छेला मुळीच जबाबदार नाही काय? भीतीने, सवयीने, मेंदूच्या घडणीने सारे घडते म्हटले, तर संयम आणि पुरुषार्थ हे शब्द कोशातून काढून टाकावे लागतील. आक्षेप रास्त आहे, आणि तो जुनाही आहे. इच्छा नसतानाही, जणू कोणी बळाने ओढल्यासारखा, माणूस नको ते का करतो, हा प्रश्न गीतेच्या तिसऱ्या अध्यायात अर्जुनाने विचारलाच होता. हॅरी फ्रँकफर्ट या अमेरिकन तत्त्वज्ञाने १९७१ साली याला नवे रूप दिले. माणसाला इच्छा असतात. पण आपल्या कोणत्या इच्छेने आपल्याला चालवावे याविषयीही त्याला इच्छा असते. एक व्यसनी आपल्या ओढीशी एकरूप झालेला असतो. दुसऱ्याला ती ओढ नकोशी असते, तो तिच्याशी झगडतो आणि हरतो. बाहेरून दोघांचे वर्तन सारखेच. माणूस म्हणून दोघे सारखे नव्हेत. गोळी मागताना ज्या म्हाताऱ्याची मान खाली जाते, तो दुसऱ्या प्रकारचा आहे. त्याची शरम हीच त्याच्या स्वातंत्र्याची साक्ष आहे.

कायद्यानेही हा भेद एकदा फार स्पष्टपणे केला होता. अंमली द्रव्याचे व्यसन असणे हाच गुन्हा, असा कायदा कॅलिफोर्निया राज्यात होता. रॉबिन्सन नावाच्या आरोपीच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली तो कायदा घटनाविरोधी ठरवला. व्यसन ही एक अवस्था आहे, आणि अवस्थेबद्दल शिक्षा करणे क्रूरपणाचे आहे, असा निर्णयाचा गाभा. साधे पडसे झाल्याच्या 'गुन्ह्या'साठी एक दिवसाची कैदसुद्धा क्रूरच ठरेल, अशा आशयाचा दाखला न्यायालयाने दिला. विकणे, चोरणे, खोटे कागद करणे ही कृत्ये आहेत, आणि त्यांचा जाब विचारता येतो. ओढ हे कृत्य नव्हे. मला वाटते, घरातल्या नीतीलाही हीच सीमा पुरेशी आहे. तलफ येते म्हणून कोणी दोषी ठरत नाही. तलफ आल्यावर काय करावे याची जबाबदारी मात्र त्याच्यावर आहे. आणि ज्याला दुसरा मार्ग कोणी दाखवलाच नाही, त्याच्या जबाबदारीतला मोठा वाटा दाखवणाऱ्यांच्या माथी येतो.

हे दाखवणारे दोन प्रकारांनी चुकले आहेत, आणि दोन्ही चुकांची किंमत माणसांनी मोजली आहे. अमेरिकेत १९८० साली एका वैद्यकीय नियतकालिकात पाच वाक्यांचे एक पत्र छापून आले. इस्पितळात अशी औषधे मिळालेल्या ११,८८२ रुग्णांपैकी केवळ चौघांना व्यसन जडल्याचे आढळले, असे त्यात म्हटले होते. ते सारे इस्पितळात दाखल असलेले रुग्ण होते. घरी वर्षानुवर्षे गोळ्या घेणाऱ्यांविषयी पत्रात एक अक्षरही नव्हते. तरीही पुढे शेकडो लेखांत त्याचा आधार देण्यात आला. १९९६ साली ऑक्सिकॉन्टिन हे औषध बाजारात आले. त्याच्या व्यसनाधीनतेविषयी दिशाभूल केल्याचा गुन्हा औषध बनवणाऱ्या कंपनीने २००७ साली न्यायालयात कबूल केला. पण तोपर्यंत फार उशीर झाला होता. मग लंबक उलट बाजूला गेला. २०१६ साली कडक मार्गदर्शक सूचना निघाल्या, आणि अनेक ठिकाणी जुन्या रुग्णांची औषधे एकाएकी तोडण्यात आली. अशा तोडण्याने असह्य वेदना, मानसिक यातना आणि आत्महत्याही ओढवतात, असा इशारा तेथील औषध प्रशासनाला २०१९ साली द्यावा लागला; २०२२ साली सूचनाही सौम्य करण्यात आल्या. आधी न विचारता दिले, मग न विचारता काढून घेतले. माणसाला विचारले कोणत्याच वेळी नाही.

आपली चूक दुसऱ्या टोकाची. अफू आपल्याला परकी नाही. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात माळव्याची अफू पोर्तुगीजांच्या दमण बंदरातून चीनकडे रवाना होत असे. आजही नीमच, मंदसौर आणि रतलाम या जिल्ह्यांत सरकारी परवान्याने खसखशीची शेते फुलतात, आणि नीमचला अफूपासून औषधी द्रव्ये काढण्याचा सरकारी कारखाना आहे. तरीही १९८५ च्या कायद्यानंतर परवान्यांच्या जंजाळामुळे आणि शिक्षेच्या धाकामुळे देशातील मॉर्फीनचा वैद्यकीय वापर सुमारे ९७ टक्क्यांनी घटून १९९७ साली १८ किलोग्रॅमवर आला. ज्या भूमीत औषध पिकते, तिथलीच माणसे औषधावाचून तळमळत मेली. १९९३ साली कालिकतमध्ये वेदनाशमनाचे कार्य उभे राहिले, त्यातून केरळने वेगळी वाट दाखवली. संसदेने २०१४ साली कायदा दुरुस्त करून अत्यावश्यक गुंगीकारक औषधांचा वर्ग निर्माण केला आणि परवान्यांची गुंतागुंत कमी केली. पण कायद्याच्या पुस्तकातून निघालेला संशय माणसांच्या मनातून इतक्या लवकर निघत नाही.

आणि संशय हा केवळ अन्याय नाही. तो तलफेचे खाद्य आहे. पुढची गोळी मिळेल की नाही याची ज्याला शाश्वती नसते, त्याचे मन गोळीभोवतीच फिरते. डबी कपाटात कुलूपबंद होते, किल्ली दुसऱ्याच्या कमरेला लागते, आणि सत्तरीच्या माणसाला आपल्या वेदनेचा पुरावा सादर करावा लागतो. मग तो कण्हणे वाढवतो, दोन गोळ्या उशीखाली दडवतो. आणि आपण म्हणतो, पाहा, व्यसनीच आहे. १९८९ साली दोन अमेरिकन डॉक्टरांनी एका तरुण कर्करुग्णाच्या बाबतीत हेच घडलेले नोंदवले. वेदनेवर पुरेसा उपचार न झाल्याने त्याचे वर्तन व्यसन्यासारखे दिसू लागले होते. पुढे औषधविक्रेत्यांनी या निरीक्षणाचाही गैरवापर केला, आणि प्रत्येक तलफेवर अधिक औषध हाच इलाज असल्याचे सांगितले. म्हणून सावधपणे बोलले पाहिजे. माणसावर विश्वास ठेवणे म्हणजे मागेल तितकी गोळी देणे नव्हे. विश्वास म्हणजे तो खोटे बोलत नाही असे धरून, तो नक्की काय मागतो आहे याचा शोध घेणे.

तो शोध घेता येतो. औषधाच्या वेळा डॉक्टरांशी बोलून ठरवून घेता येतात, म्हणजे दर वेळी हात पसरावा लागत नाही. किल्ली कोणाकडे राहावी हे रुग्णासमक्ष, त्याच्या संमतीने ठरवता येते. त्यात त्याचा मान राहतो आणि धोकाही टळतो. खिन्नतेवर आणि निद्रानाशावर स्वतंत्र उपचार होऊ शकतात. मनाला भीतीकडे स्थिर नजरेने पाहण्याचे शिक्षण देता येते. औषधाचा गैरवापर करणाऱ्या २५० वेदनाग्रस्तांवर अमेरिकेत झालेल्या आणि २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, अशा शिक्षणानंतर नऊ महिन्यांनी सुमारे ४५ टक्के लोकांचा गैरवापर थांबला होता; नुसत्या गटचर्चेला बसलेल्यांत हे प्रमाण सुमारे २४ टक्के होते. म्हणजे अर्ध्याहून अधिकांचा थांबला नाही, हेही खरे. दुसरा बाण उपटण्याची विद्या अजून अपुरी आहे. पण तो बाण उपटता येतो, एवढे निश्चित झाले आहे.

फौजदारी न्यायात संशयाचा फायदा आरोपीला मिळतो. याचे कारण आरोपी नेहमी निर्दोष असतो हे नसून, निर्दोषाला शिक्षा होणे ही समाजाची अधिक मोठी हानी आहे, हे आहे. वेदनाग्रस्ताच्या बाबतीत मी एवढेच मागेन की त्याला आरोपी करण्यापूर्वी साक्षीदार म्हणून ऐकावे. सहाव्या तासाला गोळी मागणाऱ्या वडिलांना "अजून दोन तास आहेत" हे सांगणे चूक नाही. कदाचित तेच योग्य असेल. पण ते सांगून सुनेने स्वयंपाकघरात निघून जावे, की "बाबा, या दोन तासांत कशाची भीती वाटते?" असे विचारून जवळ बसावे, यात नीतीचा सगळा फरक आहे. गोळीच्या वेळा डॉक्टर ठरवतील. ते दोन तास मात्र घरच्यांच्या वाट्याचे आहेत.